जुन्या जर्मन गाड्यांच्या बाजारातून

जर्मनीत मोटारीने वयाची तीस वर्षे पूर्ण केली, की कायद्याच्या लेखी तिचे खाते बदलते. गाडी मूळ रूपात आहे आणि चांगली राखलेली आहे, असा दाखला मान्यताप्राप्त तपासनिसाने दिला, तर तिच्या नंबरप्लेटवर शेवटी ‘एच’ हे अक्षर येते. ही सोय १९९७ पासून आहे. एच लागला, की वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो, मग इंजिन केवढेही असो, पेट्रोलवर चालो की डिझेलवर. एच नसेल तर जुन्या डिझेल गाडीला दर १०० सीसीमागे ३७.५८ युरो मोजावे लागतात, म्हणजे मर्सिडीजच्या २४० डी या साध्या गाडीचा कर वर्षाला नऊशे युरोंच्या वर जातो. अनेक मोठ्या शहरांच्या मध्यभागी धुराच्या नियमांमुळे जुन्या गाड्यांना मज्जाव असतो. एचवाल्या गाडीला तोही नाही. सामान्य पगारदाराला जुनी गाडी बाळगणे परवडते ते मुळात या नियमामुळे. म्हणून स्वस्तातली गाडी शोधणाऱ्याने आधी तिचे जन्मसाल पाहावे. तिशीला दोन-तीन वर्षे उरलेल्या गाडीचा भाव बऱ्याचदा सर्वांत खाली असतो. मालकाला कर जड झालेला असतो आणि शौकिनांची नजर अजून तिच्यावर पडलेली नसते.

गाडीच्या अवस्थेला १ ते ५ असे गुण देण्याची पद्धत जर्मनीत रूढ आहे आणि तिथल्या शाळेसारखाच यातही १ हा गुण सर्वांत वरचा. एकची गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाहूनही देखणी असते आणि ती रस्त्यावर क्वचितच दिसते. दोन म्हणजे उत्तम राखलेली, तीन म्हणजे वापराच्या खुणा अंगावर असलेली पण चालती आणि गंजाने न पोखरलेली, चार म्हणजे थकलेली, पाच म्हणजे नुसता सांगाडा. एकाच मॉडेलच्या दोनच्या आणि चारच्या गाडीत किमतीचा फरक दुपटी-तिपटीचा असतो, आणि चारची गाडी दोनवर आणायला त्या फरकाहून जास्त पैसे लागतात. जर्मनीत वेल्डिंग आणि रंगकामाचे तासाचे दर इतके आहेत, की स्वस्त म्हणून घेतलेली गंजकी गाडी शेवटी महागातच पडते. परवडणारी गाडी म्हणजे तीनच्या अवस्थेतली आणि जिचे लाखांनी उत्पादन झाले अशी गाडी. बाकीचा सगळा शोध ती नेमकी कुठे आणि कोणाकडे मिळते याचा.

हा शोध श्टुटगार्टपासून सुरू करणे सोयीचे. उंटरट्युर्कहाइमच्या कारखान्याशेजारी मर्सिडीजचे आजचे संग्रहालय २००६ पासून आहे आणि शेजारच्या फेलबाखमध्ये कंपनीचे क्लासिक सेंटर १९९३ पासून. तिथल्या दालनात उभ्या असलेल्या गाड्यांच्या किमती वाचून सामान्य माणसाने हळहळू नये. त्याच्या कामाची गोष्ट तिथे वेगळीच आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या मर्सिडीजचे सुटे भाग, अगदी रबराची पट्टी आणि दरवाज्याची कडीसुद्धा, कंपनी आजही मोठ्या प्रमाणावर पुरवते. भाग महाग असतात, पण मिळतात. एखादा इटालियन किंवा फ्रेंच गाडीवाला एका काचेसाठी वर्षभर वणवण करतो, तसे इथे सहसा होत नाही. जुनी गाडी निवडताना हा मुद्दा इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा वरचा धरावा.

खरी स्वस्त गाडी श्टुटगार्टच्या आसपासच्या डोंगराळ गावांत, घराखालच्या गॅरेजांत असते. श्वाबेन प्रांतातला माणूस काटकसरी आणि नीटनेटका म्हणून जर्मनीभर ओळखला जातो. कारखान्यात आयुष्य काढलेल्या अशा माणसाने निवृत्तीच्या सुमारास घेतलेली, हिवाळ्यात कधी बाहेर न काढलेली गाडी त्याच्या माघारी मुले विकायला काढतात. जाहिरातीत तिचा उल्लेख ‘पेन्शनरची गाडी’ असा होतो आणि हा शब्द दिसला, की शौकीन फोन उचलतात. प्रस्तुत लेखकाने पाहिलेली अशी एक मर्सिडीज १९० ई या सगळ्या वर्गाची ओळख पटवणारी होती. गडद हिरवा रंग, चौकटीच्या कापडाच्या सीट, पुढच्या कप्प्यात सर्व्हिसचे पुस्तक आणि त्याच्याखाली एक वही. वहीत प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, तारीख, मीटरचा आकडा आणि सरासरी, सगळे पेन्सिलीने. सर्व्हिसच्या पुस्तकातले बहुतेक शिक्के एकाच वर्कशॉपचे. मुलगी गाडी दाखवत होती. तिला स्वतःला गाड्यांत रस नव्हता, पण वही तिने नव्या मालकालाच द्यायची ठरवली होती. असा कागद सोबत असलेली गाडी थोडी महाग मिळाली तरी घ्यावी, हे मत त्या गॅरेजमध्ये अधिकच पक्के झाले.

१९० ही मर्सिडीजची सर्वांत लहान गाडी १९८२ च्या अखेरीस आली आणि १९९३ पर्यंत तिच्या सुमारे १८ लाख ८० हजार गाड्या निघाल्या. त्यामुळे आजही निवडीला वाव आहे आणि चांगली १९० दहा हजार युरोंच्या आत मिळू शकते. तिच्या आधीची डब्ल्यू १२३ (१९७६ ते १९८६) हे या व्यवहारातले खरे दैवत. सुमारे २७ लाख गाड्या निघूनही सुरुवातीच्या वर्षांत ग्राहकांना इतके थांबावे लागे, की थोडी वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाई. तिचे २०० डी हे डिझेल इंजिन सुरुवातीला जेमतेम ५५ अश्वशक्तीचे होते. चढावर मागे वाहनांची रांग लागायची, पण टॅक्सीवाल्यांच्या हातात ते लाखो किलोमीटर चालले. या मालिकेची कूपे आणि स्टेशन वॅगन आता महागली आहे. साधी चार दरवाज्यांची पेट्रोल गाडी मात्र अजून आवाक्यात आहे. तिच्यानंतरची डब्ल्यू १२४ मराठी वाचकाला घरची वाटावी अशी: १९९५ मध्ये पुण्यात पिंपरीला जोडली गेलेली पहिली मर्सिडीज हीच. जर्मनीत तिची निवड करताना १९९२ ते १९९५ या काळातल्या गाड्यांच्या वायरिंगकडे लक्ष द्यावे लागते. त्या वर्षांत वापरलेले वायरचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते आणि पूर्ण हार्नेस बदलण्याचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त आलेले अभियंते श्टुटगार्टच्या परिसरात भरपूर आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरेही आहेत. या मंडळींपैकी कोणाला जुन्या गाडीची आवड लागली, तर त्यांना एक सोय आपसूक मिळते. वर्कशॉपमधला माणूस, सहकारी, शेजारी, कोणीतरी कारखान्यात काम केलेला असतो आणि गाडी पाहायला सोबत यायला तो आनंदाने तयार होतो.

श्टुटगार्टहून नेकार नदीच्या काठाने उत्तरेला जाणारी रेल्वेगाडी हाइलब्रॉनच्या पुढे नेकारझुल्मला थांबते. डब्यातून दिसणारे ऑडीचे कारखाने हे पोर्शे घेऊ पाहणाऱ्या सामान्य माणसाचे तीर्थ म्हणावे लागेल. पोर्शे ९२४ (१९७६ ते १९८८) इथेच तयार होत असे, आणि तिची मोठी बहीण ९४४ सुद्धा बहुतांश इथेच. ९२४ चे दोन लिटरचे इंजिन ऑडी-फोक्सवागेनच्या घरातले आणि तेच फोक्सवागेनच्या एलटी व्हॅनलाही बसवले होते. म्हणून पोर्शेच्या कर्मठ भक्तांनी तिला वर्षानुवर्षे नाकारले. हा नकार शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या आसाशी, त्यामुळे वजनाची वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी. वळणावर ही गाडी जो समतोल दाखवते तो तिच्या किमतीत दुसरीकडे मिळत नाही. ९४४ घेणाऱ्याने टायमिंग बेल्ट आणि बॅलन्स शाफ्टचा बेल्ट कधी बदलला त्याची पावती पाहिल्याशिवाय बोलणी करू नयेत. टायमिंगचा पट्टा तुटला, तर वाल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

ऑडीच्या बाबतीत तर बाजाराने केलेला अन्याय आणखी स्पष्ट दिसतो. १९८६ मध्ये आलेल्या ऑडी ८० चा संपूर्ण पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला होता. तिच्या काळातल्या बहुतेक गाड्या सडून गेल्या, ही मात्र टिकून आहे. नाक गोल, अंग गुळगुळीत, आवाज शांत. तिच्याकडे पाहून कोणाचे हृदय धडधडत नाही, म्हणून ती स्वस्त आहे. पहिली जुनी गाडी घेणाऱ्याला डोळे मिटून सुचवावी अशी हीच.

मानहाइममध्ये कार्ल बेन्झने १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. आज जुन्या गाडीच्या शौकिनाला हे शहर आठवते ते ऑक्टोबरमध्ये माइमार्क्टच्या मैदानावर भरणाऱ्या फेटेरामा या बाजारासाठी. जुन्या वाहनांच्या सुट्या भागांच्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी हा एक. पहाटे, उजेड फुटायच्या आत, माणसे बॅटरी घेऊन रांगांमधून हिंडत असतात. हातात ढकलगाडी, तिच्यात एक्झॉस्टचा पाइप, चार व्हील-कप, एखादी मोटारसायकलची टाकी. ताडपत्रीवर कार्बोरेटर पसरलेले, पुठ्ठ्यावर मार्करने किंमत आणि शेजारी ‘फाउ-बे’ ही दोन अक्षरे, म्हणजे भाव बोलून ठरेल. विक्रीच्या गाड्यांच्या काचेमागे एक कागद असतो: उत्पादनाचे वर्ष, किलोमीटर, तपासणी कधीपर्यंत वैध, आणि किंमत. इथली घासाघीस आपल्याकडच्यासारखी नाही. गाडी न पाहता, फोनवरच ‘शेवटचा भाव सांगा’ म्हणणाऱ्याला जर्मन विक्रेता उडवून लावतो. गाडी नीट पाहिली, दोष शांतपणे दाखवले, की तोच माणूस स्वतःहून खाली येतो.

गाडी पाहायची कशी, हे या मैदानावर जाणकारांच्या मागे उभे राहून शिकता येते. एका फिकट पिवळ्या डब्ल्यू १२३ भोवती एक वयस्क मिस्त्री अर्धा तास फिरत होता, आणि त्याने बोनेट सर्वांत शेवटी उघडले. आधी तो गुडघ्यावर बसला. चाकांच्या मागे, दरवाज्यांखालच्या पट्टीत जॅक लावण्याची चार भोके असतात. त्यांची रबरी झाकणे काढून त्याने आत बोट फिरवले आणि बोटाला लागलेली माती हुंगली. ओलसर, तांबूस माती म्हणजे आत गंज. मग फडक्यात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक मडगार्डच्या कडेने सरकवत नेले. जिथे ते पकड सोडते तिथे पत्र्याऐवजी पुट्टी. मग पुढच्या काचेच्या खालचे कोपरे, पुढच्या मडगार्डचा हेडलाइटमागचा भाग, डिकीतल्या स्टेपनीची खळगी, आणि पायाखालच्या गालिच्याची कड वर करून तळाचा पत्रा. इंजिनाला त्याने पाचच मिनिटे दिली. या गाड्यांचे इंजिन दुरुस्त होते, त्याचे भाग मिळतात, कारागीरही मिळतो. सडलेला पत्रा कापून नवा जोडणे हे मात्र महिन्यांचे काम असते. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते विरघळलेले पाणी गाडीच्या पोटाखालच्या प्रत्येक सांध्यात शिरते. म्हणूनच ‘सिझन’ नंबर असलेल्या गाडीला मान आहे. या नंबरप्लेटच्या टोकाला ०४ आणि १० असे आकडे एकाखाली एक असतात. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने ती रस्त्यावर येऊ शकते. अशा गाडीने मीठ जवळजवळ पाहिलेलेच नसते.

मानहाइमहून ऱ्हाइनच्या खोऱ्यातून ड्युसेलडॉर्फ गाठता येते. तिथली क्लासिक रेमिझे ही रेल्वे इंजिनांच्या जुन्या गोलाकार शेडमध्ये २००६ पासून आहे. मधल्या फिरत्या चकतीच्या जागेभोवती वर्कशॉप आणि विक्रेते, आणि भाड्याच्या काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या लोकांच्या गाड्या. आत जायला पैसे पडत नाहीत. खरेदीसाठी ही जागा महागडीच, पण गाड्या शेजारी-शेजारी पाहून डोळा तयार होतो. एसेनला वसंत ऋतूत भरणाऱ्या टेक्नो-क्लासिका या प्रदर्शनाबद्दलही हेच म्हणता येईल. मोठ्या दालनांतल्या विक्रेत्यांचे भाव छातीत धडकी भरवतात. परवडणारी गाडी तिथे बाहेरच्या मोकळ्या जागेत, खासगी विक्रेत्यांकडे पाहावी, आणि त्याहून अधिक वेळ क्लबांच्या दालनांत घालवावा. जर्मनीत जवळपास प्रत्येक मॉडेलचा क्लब आहे. ओपेलची मांटा, फोर्डची काप्री, एवढेच काय, ऑडी १०० सारख्या ज्या गाड्यांकडे इतर कोणी ढुंकूनही पाहत नाही त्यांचेही क्लब आहेत. क्लबच्या टेबलामागचा माणूस शेजारी बसवून कॉफी पाजतो आणि कुठल्या वर्षाची गाडी टाळावी ते सांगतो. क्लबमधली गाडी बाहेर जाहिरात होण्याआधीच सभासदांमध्ये विकली जाते. सभासदत्वाची वर्गणी पहिल्याच व्यवहारात वसूल होते.

बीएमडब्ल्यूची ई ३० (१९८२ ते १९९४) काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वस्त गाड्यांच्या यादीत पहिली असे. आता ती यादीतून बाहेर गेली आहे. तिच्या मागोमाग आलेली ई ३६ किंवा मोठी ई ३४ यांचा विचार करावा. दोन्हींच्या सुरुवातीच्या गाड्या तिशी ओलांडून गेल्या आहेत. गोल्फची दुसरी पिढी सुमारे ६३ लाखांच्या संख्येने निघाली, तरी चांगली गोल्फ सापडायला आता कष्ट पडतात. याचे एक कारण २००९ साली घडले. मंदीच्या काळात सरकारने नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो दिले. या योजनेवर ५ अब्ज युरो खर्च झाले आणि वीस लाखांच्या जवळपास गाड्या मोडीत गेल्या. आज एच नंबर मिरवू शकल्या असत्या अशा कितीतरी धडधाकट गोल्फ, ऑडी आणि मर्सिडीज त्यावेळी भंगारात दाबल्या गेल्या. ज्या वाचल्या, त्यांची किंमत त्यामुळेही वाढली. मोटार-इतिहासाचे इतके मोठे नुकसान दुसऱ्या कुठल्याही एका निर्णयाने झाले नसेल.

सर्वांत स्वस्त गाडीसाठी पूर्वेला जावे लागते. सॅक्सनीतल्या त्स्विकाउमध्ये पूर्व जर्मनीची ट्राबांट १९५७ पासून १९९१ पर्यंत बनत होती, एकूण तीस लाखांवर. त्या काळी नाव नोंदवून दहा वर्षांहून अधिक थांबावे लागे. एकीकरणानंतर मात्र लोकांनी त्या रस्त्याकडेला सोडून दिल्या. ऑडीच्या जुन्या कारखान्यात उभारलेल्या आउगुस्ट हॉर्श संग्रहालयात तिची बांधणी नीट समजते. वरचे अंग कापसाचे तंतू आणि राळ दाबून केलेल्या ड्युरोप्लास्टचे, ते गंजत नाही. पण खालचा सांगाडा आणि तळ पोलादी, आणि ते भरपूर गंजतात. चकचकीत ट्राबांट पाहून भुलू नये, याचे कारण हेच. सहाशे सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन २६ अश्वशक्तीचे. टाकी बोनेटखाली इंजिनाच्या वर असल्याने पेट्रोल उताराने आपोआप येते, पंपच लागत नाही. किती उरले ते पट्टी बुडवून पाहायचे. पेट्रोलमध्ये पन्नासास एक या प्रमाणात तेल मिसळायचे, जसे आपल्याकडे जुन्या लूना-स्कूटरमध्ये मिसळत. साध्या पान्यांनी घरच्या अंगणात दुरुस्त होणारी ही गाडी. ज्यांना अभियांत्रिकी शिकायची आहे, त्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी.

व्यवहार पक्का करताना विकणारा कोण, यावर बरेच ठरते. व्यावसायिक विक्रेत्याला खासगी ग्राहकाप्रति निदान एक वर्ष दोषांची जबाबदारी टाळता येत नाही, म्हणून त्याचा भाव जास्त असतो. खासगी मालक ‘पाहिली तशी घेतली’ या अटीवर विकू शकतो. काही विक्रेते ‘ग्राहकाच्या वतीने’ असे लिहून ही जबाबदारी टाळू पाहतात. अशी ओळ करारात दिसली, तर मूळ मालकाचे नाव विचारावे. गाडीची मालकी दाखवणारा कागद, म्हणजे नोंदणीपत्राचा दुसरा भाग, मूळ प्रतीत असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चॅसी नंबर त्याच्याशी ताडून पाहावा. जुन्या तपासण्यांचे अहवाल मागावेत, कारण त्या प्रत्येकावर त्या दिवशीचे किलोमीटर नोंदलेले असतात आणि मीटर मागे फिरवले असेल तर ते तिथे उघडे पडते.

गाडी घरी न्यायला पाच दिवसांचा तात्पुरता नंबर मिळतो. त्याच्या उजव्या कडेला पिवळी पट्टी असते आणि तीवर शेवटची तारीख. देशाबाहेर नेणाऱ्याला लाल पट्टीचा वेगळा नंबर लागतो. कायम नोंदणीसाठी विमा कंपनीकडून सात अक्षरांचा संकेतांक आधी घ्यावा लागतो. जुन्या गाडीचा विमा स्वस्त असतो, पण कंपनी त्याबदल्यात काही अटी घालते: रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी, वर्षाला ठरावीक किलोमीटरच, आणि शक्यतो बंद गॅरेज. नोंदणी कार्यालयाच्या शेजारच्या दुकानात पत्र्याच्या प्लेटा मिनिटांत ठोकून मिळतात. त्या घेऊन पुन्हा खिडकीशी गेले, की त्यांवर राज्याचे चिन्ह असलेली मोहर लागते आणि मागच्या प्लेटवर तपासणीचा गोल स्टिकर. त्याचा रंग आणि मधला आकडा पुढच्या तपासणीचे वर्ष सांगतात, आणि सर्वांत वर आलेला आकडा महिना. अशी दर दोन वर्षांनी गाडी पुन्हा तपासनिसापुढे उभी करायची. गंज वाढलेला आढळला किंवा मूळ रूप बिघडवणारे बदल दिसले, तर एचचा दाखला तेव्हा जाऊही शकतो.